विसाव्या भागाचा हिशेब

स्मरणिकेत पैशाविषयी लिहू नये, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे पाळला जातो. स्मरणिका हा गौरवाचा ग्रंथ; तीत संस्थापकांची छायाचित्रे असावीत, गुणवंतांच्या याद्या असाव्यात, मान्यवरांचे शुभसंदेश असावेत आणि हिशेबाचे कागद लेखापरीक्षकाच्या कपाटात राहावेत, अशी आपली रीत. तरीही या अंकात मी हिशेबावरच लिहिणार आहे. कारण बौद्ध समाजाने आपल्या मुलांसाठी चालविलेल्या निवासी शाळांपुढे आज जे प्रश्न उभे आहेत, त्यांतील बहुतेक प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. महिन्याच्या अखेरीस किराण्याचे बिल कोणी भागवायचे, हे ते ठिकाण.

आपल्या वसतिगृहांची परंपरा धम्मदीक्षेहून जुनी आहे. 1924 साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी, 1925च्या जानेवारीत, सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. 1928मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी निघाली, तिच्या कामाचा गाभाही वसतिगृह हाच होता. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, 1950 साली औरंगाबादचे महाविद्यालय, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. या क्रमात एक गोष्ट सहज निसटून जाते. महाविद्यालये नंतर आली, मुलाच्या जेवणाची आणि झोपण्याची सोय आधी झाली. शाळा गावात असली तरी घरात दिवा नाही, पोटात अन्न नाही आणि वर्गात बसू देण्याची खात्री नाही, अशा मुलाला केवळ फी माफ करून शिकविता येत नाही, हे ज्यांनी स्वतः भोगले होते त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. नागपुरात जाईबाई चौधरी यांनी 1922 साली चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली, ती तर मागे ना संस्थान ना सरकार अशा अवस्थेत.

म्हणजे पैशाची चणचण आपल्या संस्थांना नवी नाही. नवे आहे ते तिचे स्वरूप, आणि ते नीट समजून घेतले पाहिजे.

दिवसाच्या शाळेला इमारत, शिक्षक आणि फळा-खडू लागतो. निवासी शाळेला याखेरीज एक अख्खे घर चालवावे लागते, आणि त्या घरात माणसे दोनशे असतात. समजा, एका मुलाच्या न्याहारीला, दोन वेळच्या जेवणाला आणि गॅस-पाण्याला मिळून दिवसाला 80 रुपये धरले. हा आकडा मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे आणि ज्यांनी अलीकडे तूरडाळीचे पोते उतरवून घेतले आहे ते तो कमीच म्हणतील. 200 मुलांचे दिवसाला 16,000 रुपये होतात. सुट्ट्या वगळून वर्षाचे 300 दिवस धरले तर 48 लाख. यात अधीक्षकाचे मानधन नाही, स्वयंपाकी बायांची मजुरी नाही, रात्रपाळीचा पहारेकरी नाही, मुलींच्या वसतिगृहाला लागणारी स्वतंत्र अधीक्षिका नाही, उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर नाही, साथीच्या तापात करावी लागणारी दवाखान्याची धावपळ नाही. आणि हा खर्च पुढे ढकलता येत नाही. इमारतीचा रंग दोन वर्षे लांबला तर चालते. संध्याकाळचे जेवण दोन तास लांबले तरी सहा वर्षांचे मूल रडू लागते.

यावर पहिले उत्तर नेहमी येते ते अनुदानाचे. सरकारचे काम सरकारने करावे, समाजाने का करावे, हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. शाळेला पूर्ण अनुदान असेल तर शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून येतात. परंतु आपल्याकडच्या ज्या शाळा उशिरा निघाल्या, त्यांतील अनेकांच्या माथी 'कायम विनाअनुदानित' हा शिक्का बसला. 2009 साली त्यातील 'कायम' हा शब्द निघाला, पुढे वीस, चाळीस, साठ टक्के अशा पायऱ्यांनी अनुदान येऊ लागले. पण दरम्यान त्या शाळांत नोकरीला लागलेल्या तरुणांचे केस पांढरे झाले. वसतिगृहाला मिळणारे परिपोषण अनुदान दरडोई ठरलेले असते. ते मंजूर संख्येपुरते मिळते, आणि जूनमध्ये जेवलेल्या जेवणाचे पैसे कधी मार्चअखेर येतात. तोवर वाण्याची उधारी. जी संस्था उधारीवर माल घेते तिला भाव करता येत नाही, म्हणून गरीब संस्थेला तीच डाळ महाग पडते.

1993 साली केंद्र सरकारने बौद्ध समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालविण्याचा हक्क दिला आहे. पुष्कळांचा समज असा की या दर्ज्याबरोबर पैसाही येतो. तसे नाही. कलम हक्क देते, आणि मदत देताना सरकारने अशा संस्थांबाबत भेदभाव करू नये असे बजावते. तिजोरीची किल्ली देत नाही. 2013च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चण्याचे बंधन घातले, त्याचा काही लाभ आपल्या संस्थांनाही झाला. मात्र कंपनीला छायाचित्र हवे असते. त्यामुळे संगणक येतात, बाके येतात, सौर दिवे येतात. त्या संगणकापाशी उभे राहून शिकविणाऱ्या माणसाचा पगार सहसा येत नाही. परदेशातील बौद्ध बांधवांच्या देणग्यांचा मार्ग विदेशी अंशदानाच्या कायद्यातून जातो, आणि 2020च्या दुरुस्तीनंतर तो छोट्या संस्थांसाठी आणखी अरुंद झाला आहे.

मग आजवर या शाळा चालल्या कशा? माझ्या मते त्याचे खरे उत्तर कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही. त्या चालल्या त्या कुणीतरी आपल्या कष्टाचे पूर्ण पैसे घेतले नाहीत म्हणून. दोन अंकी मानधनावर आयुष्य काढलेला अधीक्षक, पहाटे चारला चूल पेटविणारी आणि महिन्याच्या पगाराला 'मिळेल तेव्हा' म्हणणारी स्वयंपाकीण, शाळा सुटल्यावर मुलांचा अभ्यास घेणारा आणि रात्री त्यांच्याच खोलीबाहेर झोपणारा शिक्षक, त्याची बायको, जिचे नाव हजेरीपटावर कधीच नव्हते पण जिने आजारी मुलांच्या उशापायथ्याशी रात्री काढल्या. हे सर्व या संस्थांचे सर्वांत मोठे देणगीदार होत. त्यांच्या नावाची पाटी कोठेही लागलेली नाही, कारण त्यांनी जे दिले त्याची पावती फाडता येत नाही.

या अदृश्य देणगीवर किती काळ विसंबता येते, हे पाहण्यासाठी आपल्यापासून फार दूरचे एक उदाहरण घेतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात आयर्लंड, इटली, पोलंड येथून जे कॅथलिक लोक गेले ते बहुतेक मजूर होते. तिथल्या सरकारी शाळांचे वळण प्रॉटेस्टंट, आणि नव्याने आलेल्या कॅथलिकांकडे पाहण्याची नजर तुच्छतेची. आपली मुले अपमान न गिळता, आपल्या धर्मात राहून शिकावीत म्हणून त्या गरीब समाजाने स्वतःच्या शाळा काढल्या. 1884 साली बाल्टिमोर येथे भरलेल्या धर्मगुरूंच्या परिषदेने तर प्रत्येक चर्चच्या हद्दीत शाळा असलीच पाहिजे असा नियम केला. 1960च्या दशकाच्या मध्यावर या शाळा सुमारे 13,000 झाल्या आणि त्यांत 50 लाखांहून अधिक मुले शिकू लागली. मजुरांनी उभारलेले हे शिक्षणाचे जाळे खरोखर थक्क करणारे होते.

ते उभे होते सिस्टर मंडळींच्या खांद्यावर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या शाळांतील दहापैकी नऊ शिक्षक हे धर्मसंघातील व्रतस्थ स्त्री-पुरुष, मुख्यतः सिस्टर होत्या. त्यांना निवास, अन्न आणि किरकोळ रक्कम एवढेच मिळे. म्हणून फी नाममात्र ठेवता आली, आणि समाजाला असे वाटू लागले की शाळा ही स्वस्तात चालणारी गोष्ट आहे. 1960च्या दशकानंतर व्रत घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. त्यांच्या जागी संसारी शिक्षक नेमावे लागले. त्यांना घरभाडे होते, मुलेबाळे होती, त्यांना पगार द्यावाच लागला. राज्यांनी त्या पगाराला मदत करून पाहिली, पण 1971 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक शाळांतील शिक्षकांच्या वेतनाला सरकारी पैसा देणे घटनाबाह्य ठरविले. फी वाढू लागली, आणि फी वाढली तशी नेमकी ज्यांच्यासाठी शाळा काढली त्या गरिबांची मुले गळू लागली. शहरांच्या जुन्या वस्त्यांतील शाळा एकामागून एक बंद पडल्या. आज त्या साऱ्या शाळांतील मुलांची संख्या 20 लाखांच्या आत आहे.

त्या समाजाची श्रद्धा आटली म्हणून हे झाले, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. श्रद्धा असलेल्यांच्याही शाळा बंद पडल्या. माझ्या दृष्टीने खरे कारण असे, की शाळेची खरी किंमत सत्तर-ऐंशी वर्षे कोणी मोजलीच नव्हती. ती सिस्टरांच्या श्रमाखाली झाकलेली होती. झाकण निघाले तेव्हा समाजाला ती किंमत पेलण्याची सवय राहिलेली नव्हती. याच देशात कॅन्सस राज्यातील विचिटा या धर्मप्रांताने वेगळी वाट धरली. तिथे शाळेचा खर्च पालकांच्या फीवर न ठेवता साऱ्या भाविकांवर ठेवला. ज्यांची मुले शाळेत आहेत तेही देतात, ज्यांची शिकून गेली तेही देतात आणि ज्यांना मूलच नाही तेही आपल्या मिळकतीचा ठरावीक हिस्सा देतात. त्यामुळे चर्चच्या कामात सहभागी असलेल्या कुटुंबांच्या मुलांना तिथे फी पडत नाही. मी त्यांच्या धर्माचा पुरस्कार करीत नाही, त्यांच्या वहीखात्याचा करतो.

आता आपल्याकडे वळू. आपल्या शाळांतील अदृश्य देणगीदारांची पिढी निवृत्त झाली आहे किंवा निघून गेली आहे. नवा अधीक्षक तरुण आहे, पदवीधर आहे, त्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे. त्याच्यापुढे त्यागाची भाषा बोलणे मला अशोभनीय वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांसाठी मंगळसूत्रही विकले, ही कथा आपण दरवर्षी भाषणांत सांगतो आणि टाळ्या घेतो. ती सांगावीच. परंतु त्याच भाऊरावांनी मुष्टिफंडाची रीतही रुजविली होती. घराघरांत दळणाच्या वेळी मूठभर धान्य वेगळे काढायचे आणि ते विद्यार्थ्यांच्या मुदपाकखान्यात जमा करायचे. मंगळसूत्र एकदाच विकता येते. मूठ रोज भरता येते. भाषणांत आपण पहिली गोष्ट ठेवली आणि दुसरी गाळली.

दानाविषयीची आपली समजही तशीच अर्धी राहिली आहे. अनाथपिंडिकाने जेतवनाची भूमी नाण्यांनी झाकून विकत घेतली, हे शिल्प आपण विहाराच्या भिंतीवर कोरतो. पण ग्रंथांत त्याच अनाथपिंडिकाविषयी असेही सांगितले आहे की तो नित्य भिक्षुसंघाला भोजन देत असे, आणि पुढे त्याची संपत्ती गेली, तेव्हा कण्यांची पेज का होईना, त्याने ते चालू ठेवले. विशाखेची गोष्ट याहून बोलकी आहे. विनयपिटकात तिने भगवंतांकडे आठ वर मागितल्याचा प्रसंग आहे. वर म्हणजे काही मिळण्याची मागणी नव्हे, आयुष्यभर काही देत राहण्याची अनुज्ञा. पावसाळी वस्त्रे, येणाऱ्या भिक्षूंना भोजन, जाणाऱ्यांना भोजन, आजाऱ्यांना भोजन, आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना भोजन, औषध, रोजची पेज आणि भिक्षुणींना स्नानवस्त्रे. या यादीत एकही इमारत नाही. विशाखेने पूर्वाराम हा विहारही बांधून दिला होता, पण वर मागताना तिने जे मागितले ते सारे खर्चाचे, संपणारे, उद्या पुन्हा लागणारे होते. रोजच्या पेजेला पालीत 'धुवयागू' म्हणतात. धुव म्हणजे नित्य. आणि आजाऱ्याबरोबर त्याच्या उशाशी बसणाऱ्याच्याही जेवणाचा विचार करणारी ही उपासिका आज आपल्या एखाद्या संस्थेची कोषाध्यक्ष असती, तर अधीक्षकाचे मानधन थकले नसते असे मला वाटते.

आपले दान मात्र दगडाकडे धावते. प्रवेशद्वाराला देणगी मिळते, सभागृहाला मिळते, पुतळ्याला तर मागण्याआधी मिळते, कारण तिथे नावाची पाटी बसविता येते. डाळीवर नाव कोरता येत नाही. खीरदान वैशाख पौर्णिमेला होते, आणि त्या दिवशी शाळेला उन्हाळी सुट्टी असते! मी पुतळ्याच्या विरुद्ध नाही. ज्या समाजाला रस्त्याने मान वर करून चालू दिले गेले नाही, त्याने आपल्या मुक्तिदात्याचा पुतळा चौकात उभारावा यात मोठा अर्थ आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. एका तालुक्याच्या गावी जयंतीच्या ध्वनिक्षेपकांवर एका रात्री जितके जाते, तितक्यात किती मुलांचा महिना निघेल, हा हिशेब प्रत्येकाने आपल्या गावापुरता करून पाहावा.

15 ऑक्टोबर 1956 रोजी, दीक्षा समारंभाच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग देण्याचा निश्चय करावा असे सांगितले. समोर बसलेले लोक गिरणी कामगार, विडी कामगार, शेतमजूर होते. त्यांच्या मिळकतीचा विसावा भाग म्हणजे काही आणे होत असतील. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी 'यथाशक्ती' हा सोयीचा शब्द वापरला नाही, एक अपूर्णांक सांगितला. बावीस प्रतिज्ञा आपल्या घराच्या भिंतींवर आहेत. हा अपूर्णांक मात्र आपण विसरलो, किंवा विसरणे आपल्याला परवडले.

येथे एक आक्षेप येईल आणि तो मला मान्य आहे. विसावा भाग धम्मप्रसारासाठी सांगितला होता, शाळेच्या भातासाठी नव्हे. विहार आहेत, भिक्षुसंघाचे शिक्षण आहे, ग्रंथ आहेत, त्यांचा हक्क आधी. म्हणून मी शाळेसाठी विसाव्या भागाचा केवळ पाचवा हिस्सा मागतो, म्हणजे मिळकतीचा शेकडा एक. आपले जे माजी विद्यार्थी आज बँकांत, महसुलात, रेल्वेत, शाळा-महाविद्यालयांत, परदेशी कंपन्यांत आहेत, त्यांतील 500 जण घ्या आणि त्यांचा सरासरी पगार 60,000 धरा. शेकडा एक म्हणजे महिन्याला 600 रुपये. 500 जणांचे तीन लाख, वर्षाचे 36 लाख. वर मांडलेल्या 48 लाखांच्या भोजनखर्चाचा हा पाऊण हिस्सा झाला. सरकारचे अनुदान उशिरा आले तर ते राखीव निधीत जाईल. त्याची वाट पाहत चूल थांबणार नाही. एवढी रक्कम आपल्यापैकी अनेक जण मुलांच्या मोबाइलवर आणि दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर खर्चतात.

माजी विद्यार्थ्यांशी एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. आपल्यातील जे स्थिरावले, त्यांची मुले आज आपल्या शाळेत नाहीत. ती शहरातील इंग्रजी शाळांत आहेत, आणि तिथे वर्षाला लाख-दीड लाख भरताना आपण पावती उलटून पाहत नाही. आई-बापाने आपल्या मुलासाठी चांगले ते निवडावे, त्यात गैर काही नाही. परंतु याचा परिणाम असा झाला की समाजाची शाळा हळूहळू केवळ समाजातील सर्वांत गरीब कुटुंबांची शाळा झाली. ज्यांचा आवाज मोठा त्यांचे मूल आत नाही, आणि ज्यांचे मूल आत आहे त्यांना आवाज नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, शहराच्या कडेला कचरा वेचणाऱ्या कुटुंबांची ही मुले आहेत. दसऱ्यानंतर मराठवाड्यातून टोळ्या निघतात त्या उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. वसतिगृह नसेल तर मूल फडावर जाते, आणि मुलगी असेल तर तिथेच धाकट्या भावंडाला सांभाळत राहते. शाळेची फी दोनशे रुपयांनी वाढली तर एखाद्या घरातून कोण आधी कमी होते, हे कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारा.

म्हणून फी वाढवा आणि प्रश्न मिटवा, हा व्यवहारी वाटणारा सल्ला मला मान्य नाही. फी अजिबात घेऊ नये असेही मी म्हणत नाही. जो पालक थोडे देतो तो सभेत उभा राहून प्रश्न विचारतो, आणि त्याने विचारावेत. पण फीचे वेळापत्रक कोणाच्या सोयीने आखले आहे? आपण जूनमध्ये पैसे मागतो. जूनमध्ये शेतमजुराच्या घरात बी-बियाण्याचे कर्ज असते आणि ऊसतोड कामगाराच्या घरात काहीच नसते. त्याच्या हातात पैसा येतो तो दसऱ्याच्या सुमारास, उचल मिळते तेव्हा. कापूस-सोयाबीनवाल्याच्या हातात येतो दिवाळीच्या आसपास. फीचा हप्ता त्या दिवसांत ठेवला, आणि ज्यांना पैशाने जमत नाही त्यांच्याकडून ज्वारीची दोन पायली घेऊन रीतसर पावती दिली, तर आज बुडीत दिसणारी पुष्कळ रक्कम वसूल होईल. मुष्टिफंडाला शंभर वर्षे झाली म्हणून ती कल्पना जुनी होत नाही.

विश्वस्त मंडळींनाही काही सांगायचे आहे. समाज देत नाही, अशी तक्रार आपण करतो, आणि समाज म्हणतो की दिलेले जाते कोठे ते कळत नाही. दोघांचेही खरे आहे. अडचणीत सापडलेल्या संस्था काय करतात हे शिक्षणक्षेत्रात कोणाला ठाऊक नाही? नेमणुकीच्या वेळी 'इमारत निधी' म्हणून उमेदवाराकडून रक्कम घेतली जाते. शिक्षक एका आकड्यावर सही करतो आणि हातात दुसरा आकडा पडतो. गरजेपोटी सुरू झालेली ही वाट परतीची नसते. ज्या शिक्षकाने नोकरीसाठी शेत गहाण टाकले, त्याच्याकडून प्रज्ञा-शील-करुणेचा पाठ कसा घेणार? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या 1950च्या कायद्याने लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावाच लागतो. तो तिथे देऊन थांबू नये. दर महिन्याचा एक पानी जमाखर्च, किती मुले जेवली, किती किलो तांदूळ लागला, कोणाचा पगार किती तारखेला झाला, कोणाचा थकला, हे शाळेच्या फलकावर आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर दर पौर्णिमेला लागले पाहिजे. थकलेला पगार लपविण्यात लाज राखली जाते असे वाटत असेल, तर ती लाज कोणाची आहे याचा विचार करावा. तो पगार समाजाने थकविलेला असतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला. मुलांना सरकारी वसतिगृहांत घालावे, निवासी शाळा सरकारच्याही आहेत. आहेत, आणि त्या अधिक व अधिक चांगल्या व्हाव्यात म्हणून आपण भांडले पाहिजे. तो आपल्या करांचा पैसा आहे, तो भीक नव्हे. बाबासाहेबांनीही आपल्या संस्थांसाठी सरकारी मदत हक्काने घेतली. पण सकाळी त्रिशरण म्हणून दिवस सुरू करणारी, जिथे मुलाला आडनाव सांगताना आवाज खाली करावा लागत नाही, जिथे जोतीराव, सावित्रीबाई आणि भीमराव ही पाठ्यपुस्तकातील धड्यांची नावे नसून घरच्या माणसांची नावे आहेत, अशी शाळा सरकार काढून देणार नाही. ती हवी असेल तर तिचा सरकारी अनुदानाबाहेरचा खर्च आपल्यालाच उचलावा लागेल. ती नको असेल तर तेही समाजाने एकदा उघड सभेत ठरवावे. रोज थोडी थोडी उपाशी ठेवून तिला मरू देणे, आणि दरवर्षी तिच्या वर्धापनदिनाला हार घालणे, हे मात्र करू नये.

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर देणगीदारांची यादी छापलेली आहे. पुढील अंकात तिच्याआधी आणखी एक यादी छापावी, अशी माझी संपादक मंडळाला विनंती आहे. शाळा सुरू झाल्यापासून जे जे अधीक्षक, स्वयंपाकी, मदतनीस आणि पहारेकरी येथे कमी पगारावर राबले, त्यांची नावे, सेवेची वर्षे आणि त्या काळात त्यांना मिळालेले मानधन. ज्यांची रक्कम अजून देणे आहे, त्यांच्या नावापुढे ती रक्कमही लिहावी. शेकडा एकच्या निधीतून पहिले पैसे त्यांच्या घरी पोहोचावेत, किराण्याची जुनी उधारी त्यानंतर फेडावी. बँकेला द्यावयाच्या मासिक सूचनेचा अर्ज शाळेच्या कार्यालयात ठेवता येईल. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, शाळाही त्याच सुमारास भरलेली असते, पहिला हप्ता त्या महिन्यापासून कापला जावा.